एका शब्दाचा प्रवास

निसर्गाच्या लुटीविषयी आज इंग्रजीत जे लेखन होते, त्यात ‘एक्स्ट्रॅक्टिव्हिझम’ हा शब्द वारंवार आढळतो. खनिजे, तेल, लाकूड मोठ्या प्रमाणावर काढायचे आणि कच्च्याच स्वरूपात परदेशी धाडायचे, अशी अर्थव्यवस्था त्यातून सूचित होते. या शब्दाची जन्मकथा आपल्या विद्यार्थ्यांनी व पालकांनी अवश्य जाणून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

त्याचे मूळ लॅटिन आहे. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘त्राहेरे’ म्हणजे ओढणे. इंग्रजीत मात्र तो लॅटिन अमेरिकेतून, स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांच्या वाटेने आला. ब्राझीलमध्ये या शब्दाचा अर्थ होता वनोपज गोळा करणे. ॲमेझॉनच्या अरण्यातील रबर-कामगार सालीला तिरपी चीर देऊन चीक वाटीत जमा करतो. झाड जिवंत राहते. हा कामगार स्वतः मात्र पिढ्यान्‌पिढ्या मालकांच्या कर्जात जखडलेला होता, हेही विसरता येत नाही.

१९७०च्या दशकात कुरणांसाठी अरण्ये तोडली जाऊ लागली. आक्रे राज्यातील शापुरी येथील चिको मेंडेस यांनी अशा कामगारांना संघटित केले. जंगलतोड रोखण्यासाठी ही कुटुंबे तोडणाऱ्यांसमोर उभी राहिली. २२ डिसेंबर १९८८ रोजी मेंडेस यांची हत्या झाली; १९९० मध्ये त्यांच्या नावाने संरक्षित वनक्षेत्र स्थापन झाले. तेथे अरण्य राखून वनोपज घेण्याचा स्थानिकांचा हक्क मान्य झाला, आणि अशा क्षेत्रांच्या नावात हाच शब्द आहे.

पुढे उरुग्वेचे एदुआर्दो गुदिनास आदी अभ्यासकांनी खाणी, तेलविहिरी आणि निर्यातीसाठीची एकपीक शेती यांना तोच शब्द लावला. इंग्रजीत रूढ झाला तो प्रामुख्याने हा दुसरा अर्थ.

आपल्या मराठीत या दोन्ही अर्थांसाठी दोन निराळे शब्द आहेत. ‘दोहन’ म्हणजे धार काढणे. त्यात वासराचा वाटा राखणे अभिप्रेत असते. ‘शोषण’ म्हणजे सुकवून टाकणे. खाण, धरण वा वाळूउपसा यांविषयी वाचताना आपण तीन प्रश्न विचारावेत: काढणारा कोण, राबणारा कोण आणि मागे उरते काय? उत्तरे मिळाली, की यांपैकी कोणता शब्द योजावा, याचा निर्णय विद्यार्थी स्वतः करू शकेल. शब्द पारखून वापरण्याची ही सवय शाळेतच जडावी, हीच आमची सदिच्छा.