‘किती पडले?’ की ‘कुठे चुकलं?’



मागच्या वर्षी आमच्या घरी नीटची तयारी चालू होती. दर रविवारी सराव परीक्षा. लेक दारात आली की आमचा प्रश्न ठरलेला, "किती पडले?" मग आजीचा फोन, मग फॅमिली ग्रुपवर मावशी. एकदा गादी उन्हात टाकायला काढली, तर खाली तीन पेपर घडी करून ठेवलेले. आम्हाला सांगितलेले मार्क वेगळे, पेपरवरचे वेगळे. राग आला. मग दोघंही गप्प बसलो. खोटं बोलायची वेळ तिच्यावर आम्हीच आणली होती.

त्या दिवसापासून प्रश्न बदलला. "कुठे चुकलं, ते बघू या का?"

एक वही केली, तीन रकाने. पहिला, माहीतच नव्हतं. दुसरा, वाचलं होतं पण आठवलं नाही. तिसरा, येत होतं पण घाईत चुकलं. तिन्हींवर औषध वेगळं. पहिल्यासाठी एनसीईआरटीचं पुस्तक पुन्हा उघडायचं. तिसऱ्यासाठी प्रश्नातल्या ‘अयोग्य’, ‘नाही’ अशा शब्दांखाली रेघ मारायची, एकक तपासायचं.

दुसऱ्या रकान्यासाठी मात्र पुस्तक मिटायचं! २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून न बघता लिहायचं, दोन दिवसांनी परत, आठवड्याने परत.

आता पेपरचं गणित. २०२५ पासून नीटला १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. बरोबर उत्तराला ४, चुकल्यास १ वजा, सोडल्यास शून्य. जीवशास्त्राचे ९० प्रश्न ४५ मिनिटांत झाले, तर भौतिक आणि रसायनच्या ९० प्रश्नांना प्रत्येकी दीड मिनिट मिळतं.

अंदाजाने ठोकायचं का? चार पर्यायांतलं काहीच माहीत नसेल, तर अशा चार प्रश्नांत सरासरी एक बरोबर, तीन चूक. ४ मिळाले, ३ गेले, हाती १. नशीब फिरलं तर तोही नाही, आणि वेळ गेला तो वेगळाच. पण दोन पर्याय खात्रीने बाद होत असतील, तर अशा दोन प्रश्नांत सरासरी ३ गुण हाती राहतात. तिथे उत्तर जरूर द्यावं. बाकी सोडून पुढे जावं. सोडता येणं हाही अभ्यासच आहे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

सराव परीक्षाही खऱ्या परीक्षेच्याच वेळेला, म्हणजे दुपारी २ ते ५, द्यावी. जेवणानंतरची पेंग तेव्हाच कळते. रात्रीची झोप मोडून केलेला अभ्यास सकाळी आठवत नाही, तेव्हा दहानंतर घरातला टीव्ही आपणच बंद करू या.

या आठवड्याचा नेम: ज्यांच्या घरी परीक्षार्थी आहे, त्यांनी सात दिवस मार्क विचारायचे नाहीत. वही मागायची, शेजारी बसायचं, रागवायचं नाही. नातेवाइकांनाही तेवढं सांगून ठेवा.

आमच्या लेकीचा निकाल इथे मुद्दाम लिहीत नाही. नाहीतर तुम्हीही तेच विचाराल! एवढंच सांगतो, आता गादीखाली काही नसतं.

जय गुरुदेव!