वाहणारा कान

केबिन रोडला कानाला कधी विसावा नाही. लोकलचा खडखडाट, रिक्षांचे हॉर्न, भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत भांड्यांची ठोकठोक. या गलबल्यात एखाद्याला कमी ऐकू येऊ लागलं, तर ते लवकर लक्षात येत नाही. त्याचं त्यालाही नाही आणि घरच्यांनाही नाही.

आमचीही अशीच चूक झाली आहे. आम्ही हेडमास्तर असताना शाळेत एक मुलगा होता. हाक मारली तर तो ओ देत नसे. आम्ही त्याला उर्मट समजलो आणि बाकावर उभं केलं. त्याच्या कानात कापसाचा बोळा असे. जवळ गेलं की घाण वास येई. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, की त्याच्या कानातलं हाड झिजलं आहे. मुलगा उर्मट नव्हता, बहिरा होत चालला होता. ती गोष्ट आम्ही विसरलो नाही. म्हणून हा पाठ.

कानात एक पडदा असतो. त्याच्या आत लहानशी पोकळी आहे. तिला मधला कान म्हणतात. तिथे तीन इवलीशी हाडं असतात. हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी त्यांची नावं. आवाजाने पडदा हलतो, ही हाडं हलतात आणि आवाज आतल्या कानाला पोचतो.

या पोकळीतून एक बारीक नळी नाकाच्या मागे जाते. तिच्यातून मधल्या कानाला हवा मिळते. सारखी सर्दी झाली, की ही नळी तुंबते. मग पडदा आत ओढला जातो आणि त्याला खिशासारखा खळगा पडतो.

आता नीट लक्ष द्या. आपल्या अंगाची कातडी रोज झडते. कानातलीही झडते आणि मळाबरोबर आपोआप बाहेर येते. पण खळग्यात झडलेली कातडी बाहेर कशी येणार? ती तिथेच साचते. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थरावर थर चढतात. त्यांत जंतू वाढतात, पू होतो. हे गाठोडं फुगत जातं आणि शेजारचं हाड कुरतडतं. फाटलेल्या पडद्याच्या कडेने कातडी आत शिरूनही असं होतं. थोड्या मुलांना हा दोष जन्मतःच असतो.

या रोगाला डॉक्टर 'कोलेस्टिॲटोमा' म्हणतात. १८३८ साली म्युलर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हे नाव दिलं. नावाचा अर्थ चरबीची गाठ असा होतो, पण खरं तर ही कातडीची पिशवी आहे. हा कॅन्सर नव्हे. तरी त्याला साधं समजू नये.

मग तो ओळखायचा कसा? कान थोडाथोडा पण वारंवार वाहतो. पुवाला घाण वास येतो. ऐकू कमी येतं. पुष्कळदा कान दुखतच नाही आणि तिथेच माणूस फसतो. 'दुखत नाही ना, मग राहू दे,' असं म्हणत वर्षं जातात. तोवर आत हाड झिजत असतं.

चक्कर येणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं, कानामागे सूज येणं ही धोक्याची चिन्हं आहेत. कान वाहत असताना जोराचा ताप, डोकेदुखी आणि उलट्या झाल्या, तर पू मेंदूकडे गेला असेल. जिवावर बेतू शकतं. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं.

कान वाहतो म्हणजे हाच रोग, असं नाही. ते डॉक्टर दुर्बिणीतून कान पाहून ठरवतात. ऐकण्याची तपासणी होते. लागल्यास सीटी स्कॅन काढतात. थेंबांनी पू कमी होतो, पण पिशवी औषधाने विरघळत नाही. ती शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. बहुधा रोग्याला भूल देऊन, कानामागे छेद घेऊन पिशवी आणि सडलेलं हाड काढतात. जमल्यास पडदा आणि हाडांची साखळी पुन्हा बसवतात. कान कोरडा आणि निर्धोक करणं हे पहिलं काम. ऐकणं सुधारणं त्यानंतरचं. पिशवीचा कण मागे राहिला, तर रोग पुन्हा वाढतो. म्हणून पुढे काही वर्षं तपासणी चुकवू नये.

आधी जवळच्या पालिकेच्या दवाखान्यात दाखवावं. मुंबई सेंट्रलजवळ नायर आणि परळला केईएम ही मुंबई महापालिकेची मोठी रुग्णालयं आहेत. केईएम १९२६ साली सुरू झालं. दोन्हीकडे कान-नाक-घशाचा विभाग आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून मदत मिळेल का, हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्यावं.

वाहत्या कानात लसणाचं तेल घालू नये. काडी, पिन घालू नये. रस्त्यावरच्या कान कोरणाऱ्यापुढे बसू नये. आंघोळीला कानात व्हॅसलीन लावलेला कापूस ठेवावा.

आणि मूल हाकेला ओ देत नसेल, तर हात उगारण्याआधी त्याचा कान पाहावा.

प्रश्न
१. झडलेली कातडी खळग्यात का साचते?
२. कान दुखत नसला तरी डॉक्टरांकडे का जावं?
३. तुमच्या घरात कुणाचा कान वाहतो का? आज विचारा आणि उद्या वर्गात सांगा.