हँडब्रेक ओढलेली गाडीही हलते

२०१०च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एकदम १५० मर्सिडीज आल्या आणि शहराचं नाव देशभर झालं. वाळूजला बजाज आणि शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना त्याआधीपासूनच होता, त्यामुळे गाडीचं कौतुक इथे नवं नाही. वाढल्या आहेत त्या फोटोच्या अपेक्षा. दसऱ्याला गाडी घेणाऱ्याला मागे देवगिरीचा किल्ला हवा, आकाशात रंग हवेत आणि बॉनेटही चमकायला हवं.

एका क्लिकमध्ये हे बसत नाही. किल्ला शहराच्या वायव्येला, त्यामुळे आपल्या बाजूने पाहिलं तर संध्याकाळचा उजेड त्याच्या पाठीशी असतो. आकाश सांभाळलं तर बेसॉल्टचा डोंगर आणि गाडी काळीठिक्कर. गाडी सांभाळली तर आकाश पांढरंफटक. मग कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो काढून मिसळायचे. युक्ती जुनीच आहे. फ्रान्सचा गुस्ताव्ह ल ग्रे १८५०च्या दशकात आकाश एका निगेटिव्हवरून आणि समुद्र दुसऱ्यावरून घेऊन एकच चित्र छापत असे. त्याला क्षितिजाची एक रेघ जुळवायची होती. आपल्याला आरसे, खिडक्या, चाकांच्या आऱ्या असं सगळंच जुळवावं लागतं.

दौलताबाद रस्त्यालगतच्या एका शूटला याचा हिसका बसला. ट्रायपॉड पक्का होता, कॅमेऱ्याला कुणी हात लावला नव्हता. मध्येच मालकांचे मेहुणे हौसेने आत बसले, हेडलाइट लावून उतरले. संगणकावर पाहतो तर छताला दोन कडा. माणूस बसला की गाडी स्प्रिंगवर दबते आणि उतरल्यावर पूर्वीच्याच उंचीला परत येईल याची खात्री नसते. सॉफ्टवेअरला फोटो जुळवायला सांगितलं तर किल्ला जुळला की गाडी सुटे आणि गाडी जुळली की किल्ला. अर्धे फोटो वाया गेले.

म्हणून सांगतो, पहिल्या क्लिकनंतर गाडीला कुणी टेकायचंही नाही. दारही उघडायचं नाही. दिवे किल्लीवरच्या बटणाने लागत असतील तर उत्तम, नाहीतर दिव्यांचा फोटो अगदी शेवटी. हार घातलेला असेल तर तो वाऱ्याने डोलणारच. काढायला सांगणं जिवावर येतं, तेव्हा हाराचा भाग एकाच फोटोतून घ्यावा. ट्रायपॉडचे पाय भुसभुशीत मुरमात रोवू नयेत, शेजारी येरझाऱ्या घालू नयेत.

कॅमेऱ्यात फोकस, ॲपर्चर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून तिथेच ठेवा. बदलायचा तो फक्त शटरचा वेग. ॲपर्चर बदललं की मागची धूसरता बदलते आणि कडा जुळत नाहीत. फोटो रॉमध्येच काढा, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. आणि रेंगाळू नका. सूर्य बुडाला की उजेड भराभर उतरतो. पहिल्या फोटोतलं केशरी आकाश शेवटच्या फोटोत निळं झालेलं असतं आणि बॉनेटवरचं प्रतिबिंब त्याची चुगली करतं.

खरी मजा पोलरायझरची. फिल्टर एका कोनात फिरवला की पुढच्या काचेवरची झळाळी जाते, दुसऱ्या कोनात दारांवरची. प्रत्येक कोनाचा एक फोटो काढून लेयर लावायचे आणि मास्कने हवा तेवढाच भाग उघडायचा. पण हावरटपणा नको. सगळी प्रतिबिंबं पुसली की काळी गाडी कोळशाच्या ढिगासारखी निर्जीव दिसते. खांद्याच्या रेषेवरची आकाशाची पट्टी राहू द्या, आकार तिच्यामुळेच कळतो. बाजूच्या कडक केलेल्या काचांवर पोलरायझरमधून डागांची नक्षीही उमटते. तेवढ्या काचा दुसऱ्या कोनाच्या फोटोतून घ्याव्या लागतात.

अंधार पडल्यावर एलईडी ट्यूब गाडीवरून फिरवत लांब एक्स्पोजर घेता येतात. लेयरचा मोड ‘लायटन’ ठेवला की उजळ तेवढंच वर येतं. इथे घोटाळा सावल्यांचा होतो. डावीकडून उजळलेलं दार आणि उजवीकडून उजळलेलं चाक एकत्र आलं की काय बिनसलंय हे बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण गाडी कापून चिकटवल्यासारखी वाटते. चाकाखालची सावली शक्यतो एकाच फोटोतली असावी.

जागेचंही बोलून घेऊ. समृद्धी महामार्गाच्या कडेला गाडी उभी करून ट्रायपॉड लावायचा मोह कितीही झाला तरी तिकडे जाऊ नये. तिथे गाड्या ज्या वेगाने येतात, त्यापुढे फोटो म्हणजे काहीच नाही.

आणि जुनी गाडी विकण्यासाठी फोटो मागणारेही भेटतात. पोलरायझरच्या एका कोनात पोच ठळक दिसते, दुसऱ्यात ती जवळजवळ नाहीशी होते. अशा कामात मी मिश्रण करतच नाही. पोच दिसते तो फोटो देतो, आणि नको असेल तर काम दुसऱ्याला द्या म्हणतो.