मॅच चार तासांची, जाग वीस तासांची

जामठ्याच्या स्टेडियमवर भारताची मॅच ठरली की चिखला, गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग या खाणपट्ट्यातून गाड्या भरून निघतात. त्याआधीच्या आठवड्यात दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टरसाहेब, बीपीची गोळी चालू आहे. मॅच पाहाले जाऊ का?" बहुतेकांना मी 'जा' म्हणूनच सांगतो. फक्त हिशेब मॅचचा न करता अख्ख्या दिवसाचा करा.

समजा, मॅच संध्याकाळी सातची आहे. चिखल्याहून तुमसर, भंडारा, नागपूर आणि पुढे वर्धा रोडने जामठा, म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटर. दुपारी बाराच्या आत घर सोडावं लागतं. चार-साडेचारला गेटच्या रांगेत. मॅच अकराच्या सुमारास सुटते, पार्किंगमधून गाडी बाहेर काढण्यात तास जातो आणि घरी पोचेपर्यंत पहाटेचे तीन. सकाळी सहाला उठलेला माणूस तोवर वीस-एकवीस तास जागा असतो.

त्यात वेळापत्रक कधी कोलमडेल याचा नेम नाही. २३ सप्टेंबर २०२२ ला जामठ्यातच मैदान ओलं राहिल्यामुळे भारत-ऑस्ट्रेलिया सामना सातऐवजी साडेनऊला सुरू झाला, तोही आठ-आठ षटकांचा. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाची फायनल पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाली. हरमनप्रीतच्या संघाने कप जिंकला तेव्हा मध्यरात्र झाली होती. म्हणून गोळी, जेवण आणि पाणी घड्याळाप्रमाणे घ्या, मॅचप्रमाणे नको.

गोळ्या खिशात, चिठ्ठी सोबत

दोन वेळच्या गोळ्या मूळ पाकिटासह खिशात ठेवा. एक जादा डोस सोबतच्या माणसाकडे द्या. गेटवर बॅगा, बाटल्या, डबे अडवतात, म्हणून डॉक्टरची चिठ्ठी जवळ हवीच. इन्सुलिन आणि दम्याचा पंप असेल तर ते चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या. इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत सोडू नका.

शुगर असलेल्यांनी जास्त जपायचं ते शुगर कमी होण्याला. गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि जेवण रांगेत राहून गेलं, तर हातपाय थरथरतात, घाम फुटतो, माणूस चिडचिडा होतो, असंबद्ध बोलू लागतो. शेजारच्यांना वाटतं, याने प्यायली आहे. अशा वेळी तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा द्या, मग काही खायला घाला. साखरेच्या छोट्या पुड्या खिशात मावतात. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका.

ऊन आणि पाणी

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानात झाला. त्या उन्हाने चौदा जण दगावले. ते काही धावत नव्हते, ओझं वाहत नव्हते, श्रोते म्हणून बसले होते. बसून राहणाऱ्याला ऊन लागत नाही, हा समज त्या दिवसानंतर तरी सोडायला हवा.

आपल्याकडे उन्हात निघताना डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा असतो. दुपट्टा खरंच कामाचा आहे, ओला करून बांधला तर आणखी चांगला. खिशातल्या कांद्याचा काही उपयोग नाही. तो जेवणात खा. निघण्याआधी ताक किंवा पन्हं घ्या. आत गेल्यावर तहान लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने थोडं पाणी प्या. मॅचसाठी मुंबईला जाणाऱ्यांनी आणखी सांभाळावं. तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं असतं, चिमूटभर नाही. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बीपी, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर पाणी-मिठाचं प्रमाण आधी डॉक्टरला विचारा. लघवी जास्त करवणारी गोळी चालू असेल तर तीही परस्पर बंद करू नका.

बायका बाथरूमला जावं लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. यातून भोवळ येते, लघवीचा संसर्ग होतो. जागेवर बसण्याआधी बाथरूम कुठे आहे ते पाहून ठेवा आणि गर्दी उसळायच्या आत, डाव चालू असतानाच जाऊन या.

अंग भट्टीसारखं तापलं आहे आणि माणूस बरळतो आहे किंवा बेशुद्ध होतो आहे, तर तो उष्माघात समजा. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, मान, काख आणि जांघेत बर्फ ठेवा. स्टेडियमच्या वैद्यकीय पथकाला हाक मारा, १०८ ला फोन लावा.

सिकलसेल असेल तर

पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण घरोघरी नसले तरी गावोगावी आहेत. पाणी कमी पडणं, दुपारचं ऊन, रात्रीचा गारवा आणि थकवा या चारही गोष्टी सिकलसेलचा झटका आणू शकतात आणि मॅचच्या दिवशी त्या एकत्र भेटतात. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड चुकवू नका. स्वेटर न्या, दुखण्याची गोळी डॉक्टरला विचारून सोबत ठेवा. तपासणीचं कार्ड खिशात असू द्या, म्हणजे अनोळखी डॉक्टरलाही लगेच कळेल. ताप आला असेल किंवा नुकताच झटका येऊन गेला असेल तर जाऊ नका.

छातीवरचा ताण

१२ मार्च २०११. जामठ्यात विश्वचषकाचा भारत-दक्षिण आफ्रिका सामना. सचिनचं शतक, एक बाद २६७ आणि तिथून अख्खा संघ २९६ वर गारद. शेवटच्या षटकात आफ्रिकेला तेरा धावा हव्या होत्या, त्या पीटरसनने नेहराच्या चार चेंडूंत काढल्या. असल्या संध्याकाळी छातीत धडधड होणारच. धडधाकट माणसाला त्याने काही होत नाही.

ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याची गोष्ट वेगळी. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी नोंदी ठेवल्या. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या तक्रारी इतर दिवसांच्या अडीच पटीहून जास्त झाल्या, आधीपासून हृदयविकार असलेल्यांमध्ये तर सुमारे चौपट. सर्वाधिक रुग्ण सामना सुरू झाल्यापासून पहिल्या दोन तासांत आले. जर्मनीच्या सात सामन्यांपैकी पाच दुसऱ्या शहरांत होते, तेव्हा टीव्हीपुढे बसलेलाही यातून सुटत नाही.

त्यावर आपला तंबाखूचा खर्रा. आत नेऊ देत नाहीत म्हणून गेटबाहेर मोठा तोबरा भरून घेणारे पुष्कळ. तंबाखूने नाडी आणि बीपी दोन्ही वाढतात. तेही पायऱ्या चढताना आणि उत्साहाच्या भरात.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, श्वास अपुरा पडणं ही गॅसची लक्षणं म्हणून अंगावर काढू नका. शुगरवाल्यांना आणि बायकांना कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो किंवा मळमळतं.

खाणीतल्या कामगारांसाठी

भूमिगत खाणीत ड्रिलिंगचा आवाज रोज सोसणाऱ्या कानांवर स्टेडियमचे भोंगे म्हणजे आणखी एक पाळी. कामावरचे इअरप्लग सोबत घ्या, लहान मुलांचेही कान झाका. मॅचनंतर दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत राहिली तर तपासून घ्या. धुळीचा जुना खोकला किंवा दम असेल तर वरच्या स्टँडचं तिकीट काढू नका.

गर्दी आणि परतीचा रस्ता

४ जून २०२५ ला बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत अकरा जण गेले. चेंगराचेंगरीत माणूस तुडवला जाऊनच मरतो असं नाही. छाती दाबली जाऊन श्वास घ्यायला जागा उरत नाही. दोन्ही हात कोपरात वाकवून छातीपुढे धरा. पडलेली चप्पल, मोबाइल उचलायला वाकू नका. लोंढ्याच्या उलट न जाता तिरकं सरकत कडेला या. सगळ्यात सोपं म्हणजे मॅच संपल्यावर वीस मिनिटं जागेवरच बसून राहा. लहान मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मात्र मध्यरात्रीनंतरच्या भंडारा रोडची. सतरा-अठरा तास जागलेल्या माणसाची हुशारी १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाएवढी मंदावते, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे थेंबही न घेता ड्रायव्हर 'पिलेला' असतो. रात्रपाळी करून थेट मॅचला आलेल्याच्या हाती स्टिअरिंग देऊ नका. जो चालवणार, त्याने दुपारी झोप काढावी. जमलं तर नागपुरात पाहुण्यांकडे रात्र काढून सकाळी निघा. डुलकी येते आहे असं वाटलं की खिडकी उघडून, गाणी लावून भागत नाही. गाडी धाब्यावर लावून वीस मिनिटं झोपा.

यांनी घरीच पाहावी

नुकताच हार्ट अटॅक किंवा अँजिओप्लास्टी झालेले, बीपी आटोक्यात नसलेले, दोन जिने चढताना दम लागणारे, तापाने फणफणलेले आणि दिवस भरत आलेल्या बायका. बाकीच्यांनी आठ दिवस आधी बीपी-शुगर तपासून घ्यावं, आदल्या दिवशी संध्याकाळी नको, कारण तेव्हा औषधात बदल करायला वेळ उरत नाही. घरी बसणाऱ्यांनीही रात्रीची गोळी वेळेवर घ्यावी, फरसाण आणि खर्रा आवरता घ्यावा. आणि स्टेडियम असो की घरचा टीव्ही, छातीत कळ आली तर ओव्हर संपायची वाट पाहू नका. त्या क्षणी उठा आणि शेजारच्याला सांगा.