हेलसिंकीची कुस्ती

मुलांनो, अजिंठ्यापासून कोल्हापुरापर्यंत गावोगावी जत्रांत आणि उरुसांत कुस्त्यांचे फड भरतात. अशाच लाल मातीत तयार झालेल्या एका मल्लाची ही हकीकत आहे.

खाशाबा जाधव यांचा जन्म १९२६ साली सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. त्यांचे वडील दादासाहेब पैलवान होते. कुस्तीचे पहिले धडे खाशाबांना त्यांच्याकडूनच मिळाले. १९४८ साली खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकमध्ये खेळले. मातीची सवय असलेल्या खाशाबांना गादीवरची कुस्ती नवीन होती. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

पुढचे ऑलिंपिक १९५२ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे होते. जाण्यासाठी पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो वजनगटात उतरले. त्यांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवले. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. इशी मूळचा जुदो खेळणारा. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये जुदोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. दोघेही चपळ, दोघेही जिद्दी! कुस्ती बराच वेळ रंगली. अखेर गुणांवर इशी जिंकला.

खाशाबा घामाने निथळत होते. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण त्यांना लगेच पुन्हा बोलावण्यात आले. आता सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायचे होते. नियमावर बोट ठेवून खाशाबांची बाजू मांडणारा एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा लढले, पण हरले.

इशीला सुवर्ण, रशीदला रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. युद्धानंतरचे जपानचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण होते. स्वतंत्र भारताचेही ते पहिले वैयक्तिक पदक होते. दुसरे पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले.

गावी परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण खाशाबा उपकार विसरले नाहीत. त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले.

पुढे ते पोलीस खात्यात नोकरीला लागले. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर!

खेळाडू एकटा लढतो; पण त्याला गादीपर्यंत पोहोचवणारे आणि गादीजवळ त्याच्या हक्कासाठी बोलणारे, दोघेही लागतात. खाशाबांना पहिले लाभले, दुसरे लाभले नाहीत.

शब्दार्थ
मल्ल – पैलवान
फड – कुस्त्यांचा सामना
गहाण ठेवणे – कर्जासाठी वस्तू तारण देणे
मरणोत्तर – मृत्यूनंतर

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खाशाबांचा जन्म कोठे झाला?
(आ) इशी कुस्तीकडे का वळला?
२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) खाशाबांवर कोणता अन्याय झाला?
(आ) खाशाबांनी उपकाराची फेड कशी केली?
३. 'हकीकत', 'हजर', 'हक्क' हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातील असे आणखी तीन शब्द शोधा.