गाडीतल्या ओट्यामागे टाइल्स टिकतील?

प्रश्न : आम्ही जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची मोटरहोम करून घेतली आहे. ओट्यामागच्या प्लायवर सिरॅमिक टाइल्स लावाव्यात का?

उत्तर : लावा, पण घरासारख्या सिमेंटवर नको. खड्ड्यांत गाडीबरोबर प्लायही हलतो. सिमेंटला ते सोसत नाही. आधी सांध्यांतलं ग्राउट भुगा होऊन पडतं, मग टाइल सुटते. शिवाय 8 मिमी जाडीच्या टाइल्सचं वजन चौरस मीटरला 16 किलोच्या आसपास जातं. त्यापेक्षा पातळ मोझेक घ्या. प्लायला पॉलिश पेपर मारून धूळ पुसा, लवचिक पॉलियुरेथेन अॅडहेसिव्हने टाइल्स चिकटवा, सांधे सिलिकॉनने भरा. निदान एक दिवस गाडी हलवू नका. स्टिकरसारख्या विनाइल टाइल्स हलक्या आणि सोप्या. पण शेगडीमागे त्या उष्णतेने मऊ पडतात. तेवढ्या भागात स्टीलचा पत्राच लावा.