विमानांचा आवाज आणि घराची खिडकी

पुण्याजवळ लोहगाव येथे सन १९३९ मध्ये विमानतळ उभारण्यात आला. आज हवाई दलाची लढाऊ विमाने व प्रवासी विमाने तेथील एकाच धावपट्टीचा उपयोग करतात. लढाऊ विमान आकाशात झेपावते तेव्हा भोवतालच्या वस्तीतील तावदाने खडखडतात आणि वर्गात शिक्षकांना बोलणे थांबवावे लागते. विमानांचा मार्ग ठरविणे नागरिकांच्या हाती नाही. आपली खिडकी दुरुस्त करणे मात्र निश्चितच आहे.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. जर्मनीतील म्युनिक शहराचा विमानतळ १९९२ साली दुसऱ्या जागी नेण्यात आला. त्या वेळी संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या शाळकरी मुलांची पाहणी केली. नव्या विमानतळाजवळील मुलांचे वाचन व स्मरण खालावले, तर जुन्या विमानतळाजवळील मुलांचे सुधारले, असे तीत आढळून आले.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील जलद चढउतार होय. इंजिनाच्या आवाजातील खर्जाच्या लहरी रुंद व पातळ काचेला ढोलाच्या कातड्याप्रमाणे हलवितात. काचेभोवतीची लांबी वाळून गळाली असेल, तर सैल तावदान चौकटीवर आपटते व खडखडाट होतो.

यावरील उपाय कमी खर्चापासून क्रमाने करावेत. प्रथम, विमान जात असताना काचेवर तळहात दाबून पाहावा. खडखड थांबली तर तावदान सैल आहे असे समजावे. जुनी लांबी खरवडून नवी भरावी, किंवा काचेच्या कडेला रबरी पट्टी घालून लाकडी पट्टी घट्ट ठोकावी. सैल बिजागऱ्या व कड्याही आवळून घ्याव्यात.

दुसरे काम फटी बुजविण्याचे. झडपेत कागदाची पट्टी धरून खिडकी लावावी; पट्टी सहज ओढली गेली तर तेथे फट आहे. जेथून वारा येतो, तेथूनच आवाज येतो. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या भागाएवढी फट राहिली, तर काच कितीही जाड असली तरी आवाज वीस डेसिबेलपेक्षा अधिक घटत नाही. म्हणून आधी फट, मग काच, हा क्रम चुकवू नये.

तिसरा उपाय जड काचेचा. चार मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला दहा किलो, तर सहा मिलिमीटरच्या काचेचे पंधरा किलो भरते. वजन वाढले की आवाज अडतो. ऐपत असल्यास आतील बाजूस सुमारे दहा सेंटिमीटर अंतर सोडून वेगळ्या जाडीच्या काचेची दुसरी खिडकी बसवावी. जाड पडद्याने खोलीतील घुमणे कमी होते, परंतु बाहेरचा आवाज फारसा अडत नाही. पत्र्याचे छप्पर असेल तर आवाज वरूनही येतो; तेथे खालून छत घातल्याखेरीज केवळ खिडकीचा उपाय पुरेसा पडणार नाही.

मात्र चूल, गॅसची शेगडी किंवा गिझर असलेल्या खोलीतील हवेची वाट कदापि बंद करू नये. शाळेतही धावपट्टीच्या बाजूच्या खिडक्या पक्क्या कराव्यात व वारा विरुद्ध बाजूने घ्यावा. ग्रामपंचायती व शाळा समित्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या डागडुजीत या कामाचा समावेश केल्यास एकाच खर्चात पाऊस व आवाज या दोहोंचा बंदोबस्त होईल आणि मुलांचा अभ्यास निर्विघ्न चालेल.